पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

नाना बोलावल्याशिवाय कुणाकडे जाणाऱ्यांतला नव्हता, आणि त्या रविवारी त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. तरी अकराच्या सुमारास तो जिना चढून वर आला. मागे त्याची बायको माई, आणि माईच्या हातात वाटाण्याच्या शेंगांनी टम्म फुगलेली पिशवी. अक्कानं दार उघडलं, पाठच्या भावाचा चेहरा एकदा बघितला आणि आज हा भांडायला आलाय हे ओळखून ती बाजूला झाली.

"छकुली इथं आहे ना?" नानानं विचारलं.

"सकाळी साडेसातपासून आहे. चपला दिसत नाहीत का तुला दारात?"

न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उतरून सहा वर्षं झाली तरी नानाची सवय गेली नव्हती. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे तोच प्रश्न विचारायचा आणि समोरचा काय सांगतो ते बघायचं. त्याची लेक छकुली, वय वर्षं चौतीस, स्वतः वकील, आतल्या टेबलावर कागद पसरून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"बाबा, तुम्ही मला थांबवायला आला असाल तर उशीर झालाय. अर्ज लिहून झालाय."

"लिहून झालाय, दाखल नाही झाला," नाना म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

माईनं पिशवी टेबलावर रिकामी केली. तिचं म्हणणं असं की माणसांचे हात कामात असले की तोंडं जरा सांभाळून चालतात. पुढं कित्येक वर्षं घरात त्या दिवसाचा विषय निघाला की त्याला 'वाटाण्याचा रविवार' म्हणत. शेंगा मात्र त्या दिवशी निम्म्याही सोलून झाल्या नाहीत.

भांडणाचं कारण चार दिवसांपूर्वीचं. वॉर्डाच्या कचेरीबाहेरच्या फळ्यावर वगळलेल्या मतदारांची यादी लागली होती. निवडणूक बावीस दिवसांवर, आणि यादीत अकराशे त्रेचाळीस नावं. अक्का भाजी आणायला निघाली होती ती फळ्यासमोर उभी राहिली, पिशवीतून पेन्सिल काढली आणि उन्हात दोन तास ती यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत राहिली. बेचाळीस वर्षं तिनं प्रुफं तपासली होती. छापील कागद समोर आला की तो पुरा वाचल्याशिवाय तिचा पाय निघत नसे. प्रत्येक नावापुढं कारण दिलेलं होतं. मयत. पत्त्यावर आढळले नाहीत. तफावत. नवव्या पानावर तिला तिचं स्वतःचं नाव सापडलं. तफावत.

"म्हणजे नेमकी कसली तफावत?" माईनं आता विचारलं.

"वेलांटीची," छकुली म्हणाली. "आत्याच्या जन्माच्या दाखल्यात नावाला पहिली वेलांटी आहे. मतदार यादीत दुसरी. नव्या नियमानं दोन्ही कागद अक्षरशः सारखे पाहिजेत."

माईला हसू आवरेना. "अक्का, अहो, गावभरच्या वेलांट्या सुधारल्यात तुम्ही!"

"स्वतःची तेवढी राहिली," अक्का म्हणाली. तीही हसली, पण तिचं हसू फार टिकलं नाही. "माझं सोड. घड्याळजीच्या नावापुढं मयत लिहिलंय. मंगळवारी त्यानंच माझं घड्याळ उघडून सांगितलं, मशीन ठणठणीत आहे, तेल तेवढं सुकलंय. त्या अकराशेतले आठशे-नऊशे रंगाऱ्यांच्या गल्लीतले आहेत, नाना. मी मोजलेत. त्या गल्लीनं मागच्या खेपेला कुणाला पाडलं ते तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक असणं आणि कोर्टात सिद्ध होणं, यात फार अंतर आहे."

"पण मला तर सगळे पत्ते तोंडपाठ आहेत," अक्का म्हणाली.

ते खरंच होतं. आणि का होतं, ते त्या घरात सांगायची गरज नव्हती. खालच्या मजल्यावर आता सायकलींचे सुटे भाग मिळत, पण तीस वर्षं तिथं तात्यांचा छापखाना होता. अक्का-नानांचे वडील तात्या. निवडणुकीच्या वर्षी मतदार यादी छापायचं काम त्यांच्याकडे यायचं. कचेरीतून हातानं लिहिलेले कागद फीत बांधून येत. जुळारी अक्षराचा एकेक शिशाचा खिळा उचलून नावं जुळवत, आणि शाळा सुटली की अक्का दप्तर टाकून थेट खाली पळे. ओलं प्रूफ हातात धरून ती मोठ्यानं वाचायची, तात्या हस्तलिखितावर बोट ठेवून ऐकायचे. नाव, वय, घर क्रमांक. नाव, वय, घर क्रमांक. आठ वर्षांच्या नानाकडे पानं उलटण्याचं काम असे आणि रंगाऱ्यांची गल्ली आली की तो हमखास पेंगायला लागे, कारण ती सर्वांत लांब गल्ली. एकेका घरात नऊ-नऊ मतदार.

पण तात्यांना घाई नसे. मध्येच ते हात वर करायचे. "थांब. ही कोण माहितीये? नवरा गेल्यावर हिनं एकटीनं रंगाच्या चार कढया चालवल्या." पुढचं नाव. "ह्याच्याकडून आपण पहिली शाई घेतली." तिसरं नाव. "ह्याचा आवाज काय होता, अहाहा. आता दम लागतो बिचाऱ्याला." अशी यादी वाचायला तीन आठवडे लागत. कचेरीतला कारकून येऊन चरफडत जाई. अक्काला वाटे, सगळ्या जगात याद्या अशाच वाचतात.

एकदा त्या कढयांवाल्या बाई स्वतःच छापखान्यात आल्या होत्या. कोपरापर्यंत निळे हात. त्यांना वाचता येत नव्हतं. "माझं नाव कुठं आहे ते दाखव गं पोरी," म्हणाल्या. अक्कानं दाखवलं. त्यांनी नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलंच. कागदावर निळा ठसा उमटला तेव्हा ओशाळल्या, पदरानं पुसायला लागल्या. तात्या म्हणाले, "राहू द्या. छान दिसतंय." ते प्रूफ त्यांनी कितीतरी दिवस भिंतीला लावून ठेवलं होतं.

"त्यांच्या नातीचं नाव आहे यादीत," अक्का म्हणाली. "आढळले नाहीत म्हणे. आज सकाळी मला आढळली. गच्चीवर कपडे वाळत घालत होती."

जिन्यावर पावलं वाजली. ती कुणाची, हे चौघांनाही कळलं. छकुलीनं वरचे दोन कागद उलटे करून ठेवले.

*

बाबू सगळ्यांत धाकटा. अक्कापेक्षा चौदा वर्षांनी लहान. तो दोन वर्षांचा असताना आई गेली आणि त्याला खऱ्या अर्थानं वाढवला तो अक्कानंच. आता तो सत्तावन्न वर्षांचा होता आणि ज्या कचेरीच्या फळ्यावर ती यादी लागली होती, त्याच कचेरीत मतदार नोंदणीचा मुख्य कारकून होता.

आत येताच त्यानं टेबलावरचे उलटे कागद बघितले, मग भावाकडे, मग पुतणीकडे. "सभा भरलीय म्हणा की."

"बसा, भाऊजी," माई म्हणाली. "चहा टाकते."

"चहा नको, वहिनी. मी दोनच मिनिटांसाठी आलोय." त्यानं खिशातून एक अर्ज काढून अक्कापुढं ठेवला. "अक्का, इथं सही कर. दुरुस्तीचा अर्ज आहे. उद्या दहा वाजता कचेरी उघडली की पहिलं तुझं नाव यादीत घालतो. पाच मिनिटांचं काम."

नानाचा चेहरा पहिल्यांदाच सैलावला. "हेच मी सांगायला आलो होतो. घरातल्या घरात मिटतंय. कर सही."

"आत्यानं सही केली की आत्याची तक्रार संपली," छकुली म्हणाली. "मग तिला अर्जदार म्हणून उभं कसं करू? पहिलं नाव तिचं आहे. बाकीचे तिच्याकडे बघून तयार झालेत. गल्लीतली माणसं घाबरलीत, काका. कोर्टात गेलात तर घरं पाडतील असं त्यांना कुणीतरी सांगून गेलंय."

"कोर्ट!" बाबू उसळला. "म्हणजे माझ्या कचेरीवर माझी बहीण आणि पुतणी दावा लावणार? यादीखाली सही कुणाचीही असो, जाब मलाच द्यावा लागेल. तीन वर्षं राहिलीत माझी."

अक्कानं अर्ज हातात घेतला, सवयीनं वरपासून खालपर्यंत वाचला. "आणि घड्याळजीचं नाव?"

"काय?"

"त्याचंही उद्या दहा वाजता घालशील?"

"सगळ्यांची कशी घालू मी? तुझं म्हणून घालतोय."

"मग माझंही राहू दे."

तिनं अर्ज परत त्याच्यापुढं सरकवला. बाबूनं तो पुन्हा तिच्याकडे ढकलला.

"अक्का, तू पन्नास वर्षांत एक मत चुकवलेलं नाहीस. पाय मोडला होता तेव्हा मी तुला खुर्चीत बसवून उचलून नेलं होतं केंद्रावर. आठवतंय?"

"आठवतंय. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तुझ्यासाठी, माझ्यासाठी नव्हत्या." तिचा आवाज मऊ झाला. "बाबू, एक विचारू? त्या गल्लीत तपासणीला कोण गेलं होतं?"

"माणसं पाठवली होती."

"कोण माणसं?"

"कचेरीची माणसं, अक्का! आता नावं सांगू का तुला?" तो उठला. "मी यादी जुळवली. वरून आली तशी जुळवली. तात्या पण तेच करायचे ना? येईल ते छापायचे."

हे बोलायला नको होतं, हे त्याचं त्यालाच कळलं असावं. अक्कानं समोरची एक शेंग उचलली आणि सोलायला लागली. ती गप्प बसली की त्या घरात लहानपणापासून सगळ्यांना बसवत नसे. बाबू दाराशी थांबला, परत वळला, अर्ज उचलला, चार घड्या घालून खिशात कोंबला आणि धाडधाड जिना उतरून गेला.

"बघितलंस?" नाना लेकीवर घसरला. "भावाभावांत, बहीणभावांत फूट पाडलीस. आणि कशासाठी? तुझा अर्ज आला, समज. तारीख कधीची मिळेल? महिन्यानंतरची. निवडणूक होऊन जाईल. मग कोर्ट म्हणेल, आता निवडणूकच झाली, प्रश्न उरला नाही, अर्ज निकाली. मी काय सांगतोय ते कळतंय का? हे असंच होतं."

"हे असंच होतं, हे तुम्हाला इतकं पक्कं कसं माहीत, बाबा?"

माईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अहो," माई हळूच म्हणाली, "तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"माई, तुझा काही संबंध नाही."

"माझा नाही? एकोणीस वर्षं मी त्या एका कागदाबरोबर संसार केलाय." ती अक्काकडे वळली. माई सकाळी आली होती ती नवऱ्याच्या बाजूनं, छकुलीच्या वकिलीला बट्टा नको म्हणून. पण आता तिनं खुर्ची सरकवली ती टेबलाच्या पलीकडे, नणंद आणि लेकीच्या बाजूला. "नदीकाठच्या वॉर्डातली सहाशे नावं अशीच वगळली होती. ह्यांच्या कोर्टात अर्ज आला होता. आठवतं का तुम्हाला, अक्का?"

अक्काला आठवत नव्हतं. तिला त्या वर्षीचं आठवत होतं ते वेगळंच. नानाला बढती मिळाली होती. सगळे ह्याच टेबलाभोवती जेवायला बसले होते, बाबूनं कुठूनतरी गुलाबांचा हार आणला होता आणि नाना हार घालून न घेता सारखा उठून खिडकीशी जात होता. दमला असेल, असं तिला वाटलं होतं.

नाना बोलायला लागला तेव्हा कुणाकडेही न बघता, समोरच्या शेंगांकडे बघत बोलला.

"मतदानाला बारा दिवस होते. कागद साफ होते, सहाशे माणसं जिवंत होती, आपापल्या घरात राहत होती. मी दुसऱ्या दिवशी ऐकू शकलो असतो. मी पंचवीस दिवसांनंतरची तारीख दिली. त्या तारखेला ते आले. त्यांचा म्हातारा वकील उभा राहून म्हणाला, साहेब, आता काय मागू? मी लिहिलं, प्रश्न उरला नाही."

"तुला कुणी सांगितलं होतं तसं करायला?" अक्कानं विचारलं.

"तेच तर आहे, अक्का. कुणीच नाही. मला एक फोन आला नाही. फोनची गरजच नव्हती. त्याच महिन्यात बढतीची यादी मंत्र्यांकडे होती. कोर्टात बसलेला माणूस वाईट असतो असं नाही गं. पण आपली पुढची खुर्ची कोण देणार, हे ज्याच्या मनात असतं, त्याला तारीख आपोआप सुचते."

खाली दुकानात कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं, परत परत.

मग अक्कानं टेबलावरचे उलटे कागद सरळ केले आणि भावापुढं ठेवले. "तपास," ती म्हणाली. "चुका काढ."

नानानं खिशातून चष्मा काढायला वेळ घेतला. पण एकदा वाचायला लागल्यावर त्याची मान हळूहळू पुढं झुकत गेली आणि छकुलीला तिच्या लहानपणी, गृहपाठाच्या वहीवर झुकलेले बाबा दिसले.

"पहिली मागणी, नावं परत घालावीत. ठीक. दुसरी, असे अर्ज दाखल झाल्यापासून सात दिवसांत आणि मतदानाच्या आधी ऐकले जावेत, आणि कुठला न्यायाधीश ऐकणार हे चिठ्ठी टाकून ठरावं. ही चांगली आहे. कुणी शिकवली?"

"तुमच्याच तोंडून जेवताना ऐकलीय."

"हं. तिसरी मागणी काढ. न्यायाधीशांच्या नेमणुका स्वतंत्र मंडळाकडे द्याव्यात. योग्य आहे, पण कोर्ट हे देऊ शकत नाही. त्याला कायदा लागतो. कायद्याला निवडून आलेली माणसं लागतात. आणि ती निवडून द्यायला..."

"मतं लागतात," अक्का म्हणाली.

"म्हणून आधी पहिली मागणी. आणि छकुली, अर्जाला एक प्रतिज्ञापत्र जोड. मी सांगतो, तू लिही. नदीकाठचं सगळं. तारखांसकट."

छकुलीचं पेन थबकलं. इतका वेळ बापाशी तावातावानं भांडणारी ती, आता एकदम लहान दिसायला लागली. "बाबा, लोक तुम्हाला नावं ठेवतील. तुमचे सगळे मित्र तिथंच आहेत."

"घे लिहून," नाना म्हणाला. "नाहीतर दुपारनंतर माझा धीर सुटेल."

*

पुढचे तीन दिवस घराचा जिना रिकामा म्हणून राहिला नाही. अक्का सकाळी रंगाऱ्यांच्या गल्लीत जाई, तात्यांच्या वेळची ओळख काढी. "तुमच्या आजोबांचं घर सतराचं ना? आधी सोळा होतं, मधली भिंत पडल्यावर सतरा झालं." एवढं ऐकलं की दार उघडत असे. माणसं यायची, टेबलाशी बसायची, छकुली लिहायची, माई अंगठा किंवा सही घ्यायची. घड्याळजी आला तो हसतच. "मेलेल्या माणसाची सही चालते का, हे आधी कोर्टाला विचारा," म्हणाला. सगळे मिळून दोनशे अठरा जण झाले. अक्काला त्या गर्दीत मधूनच तात्यांचा आवाज ऐकू आल्यासारखा व्हायचा. थांब, ही कोण माहितीये? कित्येक वर्षांत घर इतकं भरलं नव्हतं, आणि तिला मनातून त्याचा आनंदही होत होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती, कारण बाबू त्यानंतर एकदाही फिरकला नव्हता. त्यानं तिचा फोनही घेतला नाही.

बुधवारी अर्ज दाखल झाला आणि गुरुवारी सुनावणी लागली. नानाच्या प्रतिज्ञापत्राची बातमी आदल्या दिवशीच कोर्टभर झाली होती, आणि मतदानानंतरची तारीख देणं आता कुणालाच सोपं राहिलं नव्हतं. न्यायाधीश बाई चाळिशीच्या, सर्दीनं बेजार, सारख्या नाकाला रुमाल लावत होत्या. त्यांनी नानाचे चार कागद पूर्ण वाचले. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. नाना तिसऱ्या बाकावर माईशेजारी ताठ बसला होता. ज्या खोलीत माणसं त्याला बघून उठून उभी राहत, त्या खोलीत आज दोन जुने सहकारी त्याच्या शेजारून न बोलता निघून गेले होते.

सरकारी वकील उभे राहिले. आवाज मोठा, कोट नवा. त्यांच्या मागच्या खुर्चीवर मांडीवर फाइल घेऊन बाबू बसला होता. त्यानं अक्काकडे बघितलं नाही.

"निवृत्त झालेल्या माणसाला आठवणी फार येतात," वकील म्हणाले. "पण हे कोर्ट कागदावर चालतं. एकूण एक पत्त्यावर प्रत्यक्ष भेट झाली आहे. ही तपासणीची नोंदवही."

वही वर गेली. न्यायाधीश बाईंनी पानं उलटली, एके ठिकाणी थांबल्या आणि वही अक्काला दाखवायला सांगितली. "आजी, हे तुमचं नाव. भेटीची तारीख सहा आहे. कोण आलं होतं तुमच्याकडे?"

अक्कानं पान बघितलं. बराच वेळ बघितलं. "माझ्याकडे कुणी आलं नाही," ती म्हणाली आणि वही परत दिली.

"सहा तारखेला तीनशे बारा घरं झालेली दिसतात," बाई म्हणाल्या. "एका दिवसात. नोंदी कुणी केल्या?"

"कचेरीच्या कर्मचाऱ्यांनी," वकील म्हणाले.

"मी त्यांना विचारतेय. मागं बसलेत त्यांना."

बाबू उठला. फाइल छातीशी धरलेली. अक्काला वाटलं, आता हा पुन्हा म्हणणार, माणसं पाठवली होती. तो तसं म्हणाला असता तरी तिनं त्याला टाकलं नसतं, आणि हीच गोष्ट तिला त्या क्षणी सर्वांत जड गेली.

"साहेब, कुणी गेलं नव्हतं," बाबू म्हणाला.

"मोठ्यानं सांगा."

"कुणीच गेलं नव्हतं. यादी आधी आली. भेटींच्या नोंदी मी नंतर लिहिल्या, कचेरीत बसून." सरकारी वकिलांनी त्याची बाही ओढली. त्यानं ती सोडवून घेतली. "हुकूम तोंडी होता. पण प्रत्येक वॉर्डातून किती नावं जायला हवीत, तो आकडा चिठ्ठीवर लिहून आला होता. आमच्या वॉर्डाला अकराशे. ती चिठ्ठी मी फाडली नाही. ह्या फाइलमध्ये आहे."

हुकूम झाला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. अकराशे त्रेचाळीसच्या अकराशे त्रेचाळीस नावं परत घालायची, आणि रीतसर तपासणी झाल्याशिवाय एकालाही हात लावायचा नाही. दुसरी मागणी, म्हणजे तारखांची आणि न्यायाधीश चिठ्ठी टाकून ठरवण्याची, ती मात्र मोठ्या पीठाकडे गेली. मागं उभ्या असलेल्या गल्लीतल्या बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. छकुलीनं घाईघाईनं पुढची तारीख बघितली.

"कधीची?" नानानं विचारलं.

"निवडणुकीनंतरची."

नानाच्या तोंडून हसू फुटलं. कडवट होतं, पण माईनं सांगितलं त्याप्रमाणे एकोणीस वर्षांत तो त्या विषयावर पहिल्यांदाच हसला. "मग तयारीला लाग," तो लेकीला म्हणाला. "मी येत जाईन रोज. फुकट कारकून आहे तुला."

बाहेर व्हरांड्यात गर्दी पांगत होती. सरकारी वकील बाबूच्या शेजारून गेले ते तो तिथं नसल्यासारखे. कचेरीतली दोन माणसं लांब उभी राहून फोनवर बोलत होती. बाबू खांबाला टेकून उभा होता. फाइल अजून छातीशीच.

अक्का त्याच्यापाशी गेली. इतक्या दिवसांत काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काही तिला आठवेना.

"अक्का," तोच म्हणाला, "तुझ्या नावापुढं तफावत मीच लिहिलं होतं. दोन्ही कागद समोर होते. तुझंच आहे हे कळत होतं मला."

"माहीत आहे. मघाशी वहीत बघितलं."

"बघितलंस? मग तेव्हाच का नाही सांगितलंस त्यांना, की अक्षर माझं आहे?"

"तुला मी पाटीवर अक्षर काढायला शिकवलं रे. आता त्याच अक्षरावरून तुला पकडून देऊ?" राग मात्र गेला नव्हता तिचा. "तीनशे बारा घरं, बाबू. एका दिवसात. निदान जरा खोटं तरी नीट लिहायचं."

तो हसला आणि हसता हसताच त्याचे खांदे हलायला लागले. जिन्याशी नाना, माई आणि छकुली थांबले होते, पण कुणी पुढं आलं नाही. अक्कानं त्याला थोडा वेळ तसंच उभं राहू दिलं. मग त्याच्या छातीशी धरलेल्या फाइलवर तिनं बोटानं टकटक केलं.

"ही कचेरीची आहे ना?"

"हो. परत करायला लागेल. चिठ्ठी कोर्टानं ठेवून घेतलीय." त्यानं डोळे पुसले. "आज गेलो की किल्ल्याही मागतील बहुतेक. साहेब केबिनमध्ये बसले असतील."

"मी येऊ बरोबर?"

"नको. एकटा जातो."

"जा तर. देऊन ये." ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. "मी इथं थांबते."

तो गेला. नानानं दोनदा येऊन सांगितलं की घरी जाऊन वाट बघू, ऊन आत यायला लागलंय. अक्का नको म्हणाली. बाबूला परत यायला सव्वा तास लागला, तोवर ती जागची हलली नाही.